नाव गावाचे, दाम कोणाचे?



मालाला 'भौगोलिक मानांकन' मिळाले की शेतकऱ्याचे भाग्य उजळले, असे सध्या जो तो सांगतो. मंगळवेढ्याची ज्वारी, भिवापूरची मिरची, वायगावची हळद, लासलगावचा कांदा अशी नावे सरकारदरबारी नोंदली गेली आहेत. प्रमाणपत्र येते, हारतुरे होतात, फोटो निघतात. मग शेतकरी पोते घेऊन बाजारात जातो आणि विचारतो, 'मानांकनाचे क्विंटलला किती जास्त?' या प्रश्नाचे उत्तर प्रमाणपत्रावर लिहिलेले नसते.

मानांकन म्हणजे काय, ते आधी नीट समजून घेऊ. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या करारापोटी आपल्या संसदेने १९९९ साली कायदा केला आणि तो सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. एखाद्या मालाचा गुण किंवा लौकिक त्या मुलखामुळे असेल, तर ते नाव बाहेरच्या मालाला लावता येत नाही. नोंद दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण करायचे. हे नाव कोणाला विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही. सातबाऱ्यावर बोजा चढतो, या नावावर चढत नाही. तत्त्व चोख आहे. आमचा त्याला विरोध नाही.

पण मालकी कागदावर असून भागत नाही. वहिवाट कोणाची, ते पाहावे लागते. याच कायद्यात 'उत्पादक' कोणाला म्हणायचे ते सांगितले आहे. पिकवणारा उत्पादक आहेच, पण मालावर प्रक्रिया करणारा, पाकिटे भरणारा आणि त्याचा व्यापार करणारा, हेही उत्पादक! शिवाय नाव नोंदवणारी संस्था वेगळी आणि ते वापरणारा 'अधिकृत वापरकर्ता' वेगळा. वापरकर्ता म्हणून ज्याची नोंद नाही, त्याच्या ज्वारीच्या पोत्यावर मानांकनाची खूण बसत नाही, मग ती ज्वारी भर मंगळवेढ्याच्या रानात का पिकलेली असेना. शेतकरी नोंद करायला गेला नाही आणि पाकिटे भरणारा गेला, तर नाव कोणाच्या घरी नांदेल ते सांगायला नको.

मंगळवेढ्याच्या ज्वारीचेच पाहा. रब्बीची मालदांडी. पाऊस सरता सरता पेरायची आणि खोल काळ्या रानाने धरून ठेवलेल्या ओलीवर काढायची. दाणा टपोरा, भाकरी मऊ, कडब्याला जनावर तोंड लावले की सोडत नाही. २०१६ साली तिला मानांकन मिळाले. आता सरकारचा हिशेब बघा. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीची आधारभूत किंमत ३,६९९ रुपये आणि मालदांडीची ३,७४९ रुपये. फरक क्विंटलला ५० रुपये, म्हणजे किलोला आठ आणे! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

कापूसवाल्यांना हे नवे नाही. दीडशे वर्षांपूर्वी हिंगणघाट आणि उमरावती ही आपल्या गावांची नावे लिव्हरपूलच्या बाजारात चालत होती. ती नावे गाठींवर होती आणि गाठी व्यापाऱ्याच्या होत्या. भेसळ इतकी माजली की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. नाव आपले, पण राखण दुसऱ्याच्या हाती, तर त्या नावाचे असेच होते.

आणि नाव राखले तरी सरकार ते खाऊ देते का? लासलगावचा कांदा मानांकनवाला. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठवली. बासमतीला २०१६ साली मानांकन मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच बासमतीवर टनाला १,२०० डॉलरची किमान निर्यात किंमत लादली. पुढे ती ९५० वर आणली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये काढून टाकली. एका हाताने नावाची पाटी द्यायची आणि दुसऱ्या हाताने दुकानाला कुलूप लावायचे, अशी ही रीत आहे.

फ्रान्समध्ये कोंते नावाचे चीज होते. १९५८ पासून त्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. तिथल्या दूधवाल्याला देशातल्या सरासरीपेक्षा जास्त भाव मिळतो, कारण चीज करणाऱ्या गावोगावच्या डेअऱ्या बहुतेक शेतकऱ्यांच्याच सहकारी आहेत. किती माल काढायचा, कसा काढायचा, याच्या नियमांतही त्यांचा शब्द चालतो. नावासोबत भट्टीही त्यांच्या हातात आहे.

तेव्हा ज्यांच्या भागात मानांकन आहे त्यांनी चार कामे करावीत. एकट्यादुकट्याने नव्हे, गावाच्या गटाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी. बियाणे शुद्ध राखावे आणि दुसऱ्या भागातला दाणा आपल्या पोत्यात येऊ देऊ नये, कारण नाव बुडवायला एक हंगाम पुरतो. चाळणी, प्रतवारी आणि पोत्याची शिलाई गावातच करावी. आणि नोंदवलेल्या मालाची खरेदी-विक्री, निर्यात खुली असलीच पाहिजे, ही मागणी सोडू नये.

शेवटी एक गोष्ट बजावून सांगतो. मानांकन हे थोड्या गावांचे आहे. शेजारच्या तालुक्यात तोच घाम गाळून तीच ज्वारी पिकवणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. कपाशीला तर भावच नीट मिळत नाही, तिथे नावाचे काय घेऊन बसलात? 'तुमच्या मालाचे नाव करा, मग भाव मागा' असे कोणी सांगू लागला, तर त्याला विचारा की बिननावाच्या ज्वारीला पिकवायचा खर्च कमी येतो काय? नाव मिळाले तर घ्यावे, नीट सांभाळावे. पण उत्पादन खर्चावर आधारित भावाची मागणी त्याच्या बदल्यात विकू नये.