मागच्या दाराची चावी कुणाकडे?

गेल्या शनिवारी सकाळी साडेनऊला मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, चक्क एका शाळेत हजर होतो. शनिवारी! साडेनऊला! दचकू नका, माझं अजून लग्न जुळायचंय. अॅडमिशन होती ताईच्या लेकीची, म्हणजे आमच्या पिहूची. ज्युनियर केजी. भावजी चेन्नईला टूरवर, त्यामुळे मामाला ड्यूटी लागली.

शाळा म्हणजे काय विचारता! रिसेप्शन आमच्या ऑफिसपेक्षा भारी. सोफे, फिशटँक, कॉफी मशिन. एका चकाचक मॅडमनी आम्हाला एसी खोलीत बसवलं आणि प्रेझेंटेशन सुरू केलं. त्यातल्या सात स्लाइड्स नुसत्या ‘सेफ्टी’वर. कॅम्पसभर कॅमेरे. बसला जीपीएस. गेटवर चेहरा ओळखणारं मशिन. आणि कहर म्हणजे मोबाइलवर अॅप. ऑफिसात बसल्या बसल्या तुमचं पिल्लू डबा खातंय की नाही ते लाइव्ह बघा! मी अर्थातच गार. आमच्यासारख्या लॅपटॉपवाल्यांना रंगीत डॅशबोर्ड दाखवला की आम्ही चेकबुक शोधायला लागतो.

ताई मात्र गप्प. ती हॉस्पिटलमध्ये सिस्टर इन्चार्ज आहे, गोड बोलण्याला सहसा भुलत नाही. ‘‘एकदा शाळा फिरून बघू या?’’ एवढंच म्हणाली.

तळमजल्यावर कॅन्टीन. त्याला लागूनच वर जाणारा जिना. जिन्याच्या तोंडाशी ताई थबकली.

‘‘गॅसचा वास येतोय.’’

‘‘आत्ताच सिलिंडर बदललाय मॅडम,’’ आतून आवाज आला. ‘‘जाईल पाच मिनिटांत.’’

गेलाही. सगळे पुढे निघाले. माझ्या डोक्यातून मात्र तो वास जाईना. कारण त्या वासाची एक गोष्ट मला माहीत होती, आणि ती गोष्ट शाळेचीच आहे.

आपल्या स्वयंपाकघरात येणारा तो घाण, सडक्या कोबीसारखा वास गॅसचा नसतोच. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. मर्कॅप्टन नावाचं एक रसायन त्यात मुद्दाम, अगदी कणभर मिसळतात. गळती झाली तर नाकाला कळावं म्हणून. ही पद्धत जगभर रुजली त्यामागे टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावातल्या एका शाळेचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेत सरकारी शाळा चालवतं ते स्कूल डिस्ट्रिक्ट. आपल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागासारखं समजा, पण त्याचं बोर्ड बहुतेक ठिकाणी स्वतंत्रपणे निवडून येतं आणि त्याला स्वतःचा टॅक्सही वसूल करता येतो. इमारतीच्या छपरापासून मुलांच्या बसपर्यंत सगळं त्यांच्याच गळ्यात. न्यू लंडनच्या आजूबाजूला १९३०च्या सुमारास तेल लागलं आणि हे खेड्यातलं डिस्ट्रिक्ट रातोरात गब्बर झालं. मंदीच्या त्या काळात, जिथे बाकी शाळांना खडूचे वांधे, तिथे यांनी जवळपास दहा लाख डॉलर्सची शाळा उभी केली. आर्किटेक्टने बॉयलर आणि वाफेवर चालणारी हीटिंगची व्यवस्था सुचवली होती. बोर्ड म्हणालं, नको. त्याऐवजी बिल्डिंगभर ७२ गॅस हीटर बसवले.

मग १९३७ उजाडलं. गॅसचं बिल बोर्डाच्या डोळ्यांत खुपायला लागलं. तेलाच्या विहिरींतून निघणारा उरलासुरला गॅस कंपन्या तेव्हा जाळूनच टाकायच्या. त्याच्या पाइपला गुपचूप नळी जोडून फुकट गॅस घेणं हा त्या भागातला राजरोस उद्योग. घरं घ्यायची, दुकानं घ्यायची. शाळेनेही घेतला. महिन्याला बचत किती? अडीचशे-तीनशे डॉलर. गावातलं सगळ्यात श्रीमंत ऑफिस, आणि आकडे टाकून वीज घ्यावी तसा गॅस!

त्या गॅसला वास नव्हता. जोडणी सदोष होती. शाळेच्या खालच्या मोकळ्या जागेत गॅस साठत राहिला. मुलं डोकं दुखतंय म्हणून तक्रार करायची, पण मुलांच्या डोकेदुखीकडे कुठली शाळा लक्ष देते? १८ मार्च १९३७, गुरुवार. दुपारचे तीन वाजून गेलेले. दुसऱ्या दिवशी सुट्टी. पहिली ते चौथीची पोरं आधीच घरी सुटलेली. शेजारच्या जिममध्ये पालक-शिक्षकांची मीटिंग सुरू. वर्कशॉपमध्ये एका सरांनी लाकूड घासायचं मशिन चालू केलं, ठिणगी पडली. प्रत्यक्ष पाहणारे सांगतात की भिंती फुगल्यासारख्या झाल्या, छप्पर वर उचललं गेलं आणि अख्खी इमारत खाली बसली. सुमारे ३०० मुलं आणि शिक्षक गेले. मीटिंगला आलेल्या आया समोरून धावत आल्या आणि हातांनी विटा उपसायला लागल्या. डिस्ट्रिक्टच्या सुपरिंटेंडंटचा स्वतःचा मुलगाही त्यात गेला.

काही आठवड्यांत टेक्सासने कायदा केला : गॅसमध्ये वास मिसळायचाच. पुढे हळूहळू सगळीकडे तेच झालं. तेव्हा यापुढे सकाळी चहा टाकताना ‘ई, गॅस!’ म्हणून नाक मुरडाल तेव्हा तो वास तिथे का आहे ते आठवा.

असो. आपण शाळेत होतो.

वर्ग मस्त होते. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात वाचायला छोटा तंबू. पिहूने तंबूत शिरून ‘‘मामा, मी इथेच राहणार’’ असं जाहीरही करून टाकलं. पहिल्या मजल्याच्या टोकाला मागचा जिना होता. वर हिरवी पाटी, त्यावर पळणारा माणूस. पाटीखाली दार. दाराला साखळी, साखळीला कुलूप. आणि दारासमोर मोडक्या बाकांची उतरंड, त्यावर गॅदरिंगचा कापडी राजवाडा.

‘‘हे दार बंद का?’’ ताईने विचारलं.

‘‘मुलं खाली पळतात ना, मॅडम. सेफ्टीसाठीच,’’ मॅडम हसून म्हणाल्या.

‘‘चावी कुणाकडे असते?’’

मॅडमनी वॉचमनकाकांकडे पाहिलं. काकांनी छताकडे पाहिलं. ‘‘शिंदे सरांकडे. पण ते गावाला गेलेत.’’

कॅमेरे मात्र होते हं. त्या कुलपावर रोखलेला एक होताच. म्हणजे ऑफिसात बसून अॅपवर ते कुलूप आम्हाला लाइव्ह बघता आलं असतं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा कुलपाचं काय घेऊन बसलास? तर पुन्हा टेक्सासला चला. या वेळी न्यू लंडन नाही, युवाल्डी. २४ मे २०२२. तिथल्या प्राथमिक शाळेत एक बंदूकधारी शिरला आणि १९ मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. बंदुका हा तिकडचा रोग आहे, आपल्याला त्याची कल्पनाही नीट करता येत नाही. पण टेक्सास विधानसभेच्या समितीने जुलै २०२२मध्ये जो अहवाल दिला, तो कुठल्याही ऑफिसात काम करणाऱ्या माणसाला भलताच ओळखीचा वाटेल.

त्या डिस्ट्रिक्टचं स्वतःचं सहा जणांचं पोलिस खातं होतं. कागदावर प्लॅन होता. मोबाइलवर अलर्टचं अॅप होतं. दारं कायम कुलूपबंद ठेवायची असा नियम होता. प्रत्यक्षात काय? चाव्या पुरेशा नव्हत्या. बदली शिक्षकांना तर मिळायच्याच नाहीत. मग कुणी दाराला दगड लावायचा, कुणी कुलपात लोहचुंबक बसवायचा. एकशेअकरा नंबरच्या वर्गाचं कुलूप नीट लागत नाही हे शाळेत अनेकांना माहीत होतं. दुरुस्तीची लेखी मागणी? कुणीच केली नाही. म्हणजे आमच्या फ्लोअरवरच्या टपकणाऱ्या एसीसारखं. सगळे बादली सरकवतात, तिकीट कुणी टाकत नाही. ‘कुणीतरी टाकलं असेल’ या भरवशावर सहा महिने जातात.

अलर्टचीही तीच गत. सीमेजवळचं गाव. पोलिसांना चुकवून पळणाऱ्या गाड्यांमुळे फेब्रुवारीपासून मेपर्यंत जवळपास ५० वेळा शाळेत सावधानतेचा इशारा वाजला होता. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपण चौथीत वाचली, ती तिथे खरी झाली. त्यात वाय-फाय धड नाही, म्हणून तो शेवटचा इशारा सगळ्या शिक्षकांपर्यंत पोचलाच नाही. आणि वाचताना पोटात गोळा येतो ती गोष्ट पुढेच आहे. पुढे तिथे ३७६ पोलिस जमले, पण वर्गात शिरायला ७७ मिनिटं गेली. त्यातला बराच वेळ चाव्या शोधण्यात गेला. समितीचं म्हणणं असं, की ते दार बहुधा लागलेलंच नव्हतं. कुणी ढकलून बघितलं नाही.

त्यानंतर टेक्सासने २०२३मध्ये प्रत्येक शाळेत शस्त्रधारी माणूस ठेवायचा कायदा केला. पेपरात तोच गाजला. पण मला त्याहून आवडलेला बदल अगदी किरकोळ आहे. शाळेचं बाहेर उघडणारं प्रत्येक दार आठवड्यातून एकदा हाताने तपासायचं. शिवाय राज्याचे लोक न सांगता येऊन, दारं खरंच लागलेली आहेत का हे ढकलून बघतात. दार ढकलणं ही आता तिथे एक नोकरी आहे!

अर्थात युवाल्डीला बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नव्हतं. आगीत उलटं. आतल्याला बाहेर जाता आलं पाहिजे. साखळी-कुलूप या दोन्हींवर एकाच वेळी उपाय करू शकत नाही. म्हणूनच मल्टिप्लेक्सच्या एक्झिटला तो आडवा दांडा असतो ना, अंगाने ढकलला की उघडणारा? तो बाहेरून उघडत नाही, आतून अडत नाही. चावीची भानगडच नाही. शाळेला असे किती दांडे लागतील? फिशटँकच्या खर्चात बहुतेक बसतील, पण हा माझा अंदाज.

आपल्याकडे हे कुणाला सुचलंच नाही असं मात्र नाही. १६ जुलै २००४ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग झावळ्यांच्या छपराला लागली. ९४ मुलं गेली. त्यावर झालेल्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने २००९मध्ये स्पष्ट सांगितलं, की शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क आलाच. महाराष्ट्राचा अग्निसुरक्षेचा कायदा तर २००६चा. त्यात इमारतीतली आगीची यंत्रणा चालू आहे असं सर्टिफिकेट वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्सवाल्या एजन्सीकडून घेऊन फायर ब्रिगेडला द्यायचं असतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. आणि कॅमेऱ्यांचं म्हणाल, तर ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाले, तेव्हा पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं होतं. कॅमेरा होता. तो चालतो की नाही हे बघणारं कुणी नव्हतं.

फॉर्म बी हा शब्द ताईला पाठ. हॉस्पिटलमध्ये दर सहा महिन्यांनी त्याची धांदल असते म्हणे. परत एसी खोलीत आल्यावर तिने विचारलं, ‘‘तुमचा या जुलैचा फॉर्म बी बघायला मिळेल?’’

मॅडमचं हसू पहिल्यांदाच थोडं हललं. ‘‘असं कुणी विचारत नाही हो. पेरेंट्स साधारण एसी आणि स्विमिंग पूलचं विचारतात.’’

हे मला पटलं. मीही तेच विचारणार होतो.

‘‘अॅडमिन ऑफिसात असेल. सोमवारी मेल करते,’’ मॅडम म्हणाल्या. ताईने साध्या कागदावर दोन ओळी लिहिल्या : कॅन्टीनमधला वास, मागच्या जिन्याचं कुलूप आणि बाक. खाली सही, तारीख. त्याची पोच मागून घेतली. रिसेप्शनवरच्या मुलाने शिक्का शोधायला दहा मिनिटं घेतली, कारण असा कागद पोच करायची वेळ त्याच्यावर आजवर आलीच नव्हती. फीचा चेक ताईच्या पर्समध्येच राहिला.

गाडीत मी म्हटलं, ‘‘ताई, जरा जास्तच झालं. अॅडमिशन हातची जाईल.’’

‘‘तुमच्या ऑफिसात फायर ड्रिल होते तेव्हा तू काय करतोस रे?’’

खोटं कशाला बोलू? अलार्म वाजला की मी हेडफोन लावतो. फारच बोंब झाली तर लिफ्टने खाली उतरतो आणि टपरीवर कटिंग मारतो. आमच्या फ्लोअरचा मागचा जिना कुठे उतरतो हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. सोमवारी जाऊन पाहिलं. उतरतो पार्किंगमध्ये. दार उघडं होतं, पण दारामागे पाण्याचे रिकामे जार रचून ठेवलेले. मोजले. २२. फॅसिलिटीला तिकीट टाकलंय, नंबर आलाय, स्टेटस ‘ओपन’ दाखवतंय.

शाळेचा मेल सोमवारी आला नाही. बुधवारी आला. फॉर्म बी जोडलेला होता, तारीख या जुलैचीच होती. खाली एक ओळ : कुलूप काढलं आहे, बाक हलवण्याचं काम सुरू आहे, शनिवारी येऊन पाहावं.

जातोय या शनिवारी. साडेनऊला, इस्त्रीचा शर्ट घालून. ताई म्हणालीये, या वेळी दार तू ढकलायचंस.