विसरणें आणि स्मृतिभ्रंश

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्या घरांतून इतकी रुळली आहे कीं, वडील माणसांच्या विसरण्यास कांहीं निराळें कारण असूं शकेल, हा विचारच कोणास शिवत नाहीं. वस्तुतः २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणें आपल्या देशांत साठीपुढील शेंकडा ७.४ लोकांस, म्हणजे सुमारें ८८ लक्ष जणांस, स्मृतिभ्रंशाचा विकार आहे. उरलेल्या शेंकडा ९२.६ जणांपुरती तरी ही म्हण खोटीच ठरते. आणि ज्यांना विकार आहे, त्यांचा रोग तिच्या आड लपून राहतो.

वयोमानाचें विसरणें निराळें. व्याह्यांचें नांव ऐन वेळीं सुचत नाहीं, पण घटकाभरानें आपोआप आठवतें. स्मृतिभ्रंशांत उत्तर मिळाल्यावरही तोच प्रश्न पुनः पुनः विचारला जातो. ‘पळी’ हा शब्द न सुचून ‘तें पाणी घ्यायचें’ असें म्हटलें जातें. नेहमींच्या वाटेवर माणूस चुकतो. एकत्र कुटुंबांत हिशेब मुलगा पाहतो, औषध सून देते. त्यामुळें ही हानि वर्षानुवर्षें झांकली जाते.

आमच्या हिंगोलीकडे आणखी एक फसगत होते. आजोबा विष्णुसहस्रनाम अस्खलित म्हणतात, नर्सीच्या नामदेवांचे अभंग आजीस मुखोद्गत असतात. तेव्हां सर्व ठीक आहे, असें घरचे समजतात. परंतु लहानपणीं पाठ केलेलें फार उशिरां जातें. म्हणून सकाळीं घरीं कोण आलें होतें, तें विचारावें. शाळा न पाहिलेल्या आजीस तारीख न विचारतां पुरणाची कृति क्रमानें सांगावयास लावावी.

शंका आल्यास स्वस्थ बसूं नये. बहिरेपणा, खिन्नता, कंठग्रंथीचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनींही असाच भास होतो, आणि यांवर उपाय आहेत. प्रथम जिल्हा रुग्णालयांत अथवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत तपासणी करवावी. पुढें वाचा-उपचारतज्ज्ञाचें काम येतें: ऐकणें, शब्द, अर्थ यांपैकीं नेमकें काय ढळलें, हें तो पारखतो, आणि घरच्यांस बोलण्याची रीत शिकवितो. समोर बसावें, वाक्य लहान असावें, एका वेळीं एकच गोष्ट विचारावी, उत्तरास अवकाश द्यावा. ‘काय घेणार?’ याऐवजीं ‘चहा कीं दूध?’ असें विचारावें. रोग फार वाढल्यास घांस गिळणेंही कठीण होतें. तेथेंही त्याचाच सल्ला उपयोगी पडतो.

स्मृतिभ्रंश झालेल्यास ‘आतांच सांगितलें ना!’ म्हणून दटावणें व्यर्थ आहे. सांगितलेलें त्यास आठवत नाहीं. मात्र दटावल्याचें दुःख मनांत मागें राहतें. ज्यांनीं आपल्याला बोलावयास शिकविलें, त्यांच्याशीं बोलण्याची रीत आतां आपण शिकावी, हेंच आम्हांस सुचवावयाचें आहे.