चिठ्ठी दोघांची, शिक्षा एकटीला

एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांच्या एका वसतिगृहात गेल्या वर्षी एक चिठ्ठी सापडली. ती सोळा वर्षांची, तो सतराचा. दोघांनाही हा विषाणू जन्मतःच आलेला. चिठ्ठीत होतं काय? ‘रात्रीची गोळी चुकवू नकोस. मीही चुकवत नाही.’ आणि खाली बदामाचं चित्र.

लगेच बैठक बसली. ‘या वयात ही थेरं?’ ‘उद्या मूल झालं तर?’ ‘शेवटी मुलीची जात!’ आठवड्याच्या आत मुलीची रवानगी दुसऱ्या जिल्ह्यात मामाकडे झाली. दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती, ती बुडाली. मुलगा आहे तिथेच आहे. त्या बैठकीत मीही होते आणि गप्प बसले. म्हणून आज लिहिते आहे.

आजाराची भीती दाखवणाऱ्यांना विचारायला हवं, की आपलं ज्ञान कोणत्या सालचं आहे? सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधं २००४ पासून मोफत मिळतात. ती नियमित घेऊन विषाणू चाचणीत न सापडण्याइतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून लागण होत नाही. उपचार नसतील तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १५ ते ४५ टक्के असतं. योग्य उपचारांनी ते ५ टक्क्यांखाली येतं. म्हणजे खरा प्रश्न औषध न चुकण्याचा आहे. आणि चिठ्ठीत नेमकं तेच लिहिलं होतं!

कायद्याची भीती मात्र खोटी नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलामुलीची शरीरसंबंधाला संमती धरली जात नाही, आणि गुन्हा कळूनही न कळवणं हाही गुन्हाच. पण चिठ्ठी हा गुन्हा नव्हे. उलट २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा पाहा. घर सांभाळणाऱ्या, पुरेशी समज असलेल्या बारा ते अठरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला तो धाकट्या भावंडाचं पालक होऊ देतो. शाळाप्रवेश, उपचार, बँकेचं खातं, सगळं तिने पाहायचं. एवढी जबाबदारी पेलणारी मुलगी स्वतःच्या मनाबद्दल बोलू लागली की अजाण कशी ठरते?

आणखी एक ढोंग. हीच मुलं अठरा-एकवीसची झाली की आपण ‘पॉझिटिव्ह’ वधूवरांचे मेळावे भरवतो. तोवर प्रेम म्हणजे पाप, नंतर लग्न म्हणजे पुनर्वसन. मधल्या वर्षांत शरीर, नकार, निरोध, गर्भधारणा यांबद्दल त्यांच्याशी कोणी बोलायचं?

मी मोकळं रान मागत नाही. चिठ्ठी सापडली तर दोघांनाही समोर बसवा आणि ऐकून घ्या. मुलीला ‘नाही’ म्हणता येतं का, हे तिला एकटीला विचारा. पण कुणाचीही शाळा आणि उपचार तोडू नका.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, “ताई, गोळ्या घ्यायचा कंटाळा आलाय. कुणासाठी घ्यायच्या?” ‘स्वतःसाठी,’ असं मी सांगितलं. पण जिचं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते आपणच काढून घेतलं, तिला हे कसं पटावं?