रिकामा डबा परत पाठवताना...

जेवलास का? जेवलीस का?

दिवसातून किती वेळा ऐकता हा प्रश्न? होस्टेलवर राहत असाल, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत असाल, नाहीतर बंगळुरूत नवी नवी नोकरी लागली असेल. घरून फोन आला की पहिलं वाक्य हेच. आपलंही उत्तर ठरलेलं. ‘हो गं, जेवले. बोल, काय काम होतं?’

काम काहीच नसतं. तेवढंच विचारायचं असतं. पण आपल्याला वाटतं, काय हे रोज रोज तेच? आयुष्यात काहीतरी मोठं करायचंय आणि यांचं आपलं भाजी-भाकरीच्या पुढं काही जातच नाही!

मलाही असंच वाटायचं. म्हणून आज एका डब्याची गोष्ट सांगते. त्यात मी फार काही शहाणी दिसत नाही, तरी सांगते.

गोष्ट १९९७ ची. माझं गाव मंगळवेढ्याच्या पुढं, ज्वारीच्या पट्ट्यात. मी बारावीला सोलापुरात खोली करून राहायचे. आमच्यासारख्या कितीतरी पोरापोरींचा डबा तेव्हा गावाकडून एसटीनं यायचा. आजही अनेक जिल्ह्यांत येतो. १ जून १९४८ ला पुणे ते नगर अशी पहिली एसटी धावली, ती माणसं नेण्यासाठी. पुढं याच लाल गाडीनं खेड्यातल्या कितीतरी पोरांचं शिक्षण तडीला नेलं, कधी पासवर आणि कधी डब्यावर.

पहाटे आई डबा भरायची. अण्णा तो फाट्यावर नेऊन पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचे. फडक्यावर पेनानं नाव लिहिलेलं असायचं. ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर डब्यांची रांग लागायची. इंजिनाच्या उबेनं थंडीत भाकरी गरम राहायची आणि उन्हाळ्यात आमटी आंबायची. सकाळी स्टँडवर डबा घ्यायचा, संध्याकाळी त्याच गाडीला रिकामा परत द्यायचा. कधी काही हवं असलं तर रिकाम्या डब्यात चिठ्ठी टाकायची. घरी फोन नव्हता, तेव्हा हाच आमचा मेसेज.

त्या वर्षी फेब्रुवारीत, बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असताना भाकरी बिघडली. एरवी आईची भाकरी म्हणजे पातळ, पापुद्रा सुटलेली. आता येत होती ती जाड, एका बाजूला करपलेली आणि मध्ये कच्ची. कडा फाटलेल्या. शेंगाचटणी तेवढी नेहमीची, बाकी भाजीत कधी मीठ जास्त, कधी मीठच नाही. मी चार दिवस खाल्लं. पाचव्या दिवशी डोकं फिरलं. वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, ‘भाकरी जाड आणि करपलेली येतेय. घशाखाली उतरत नाही. माझी परीक्षा आहे, एवढं तरी बघ.’

चिठ्ठी डब्यात टाकली, डबा गाडीत दिला आणि हलकं वाटलं. उत्तर आलं नाही. भाकरी दोन-तीन दिवसांत थोडी पातळ झाली. एकदा तर फाटलेल्या भाकरीला पिठाचं ठिगळ लावलेलं होतं. मी मैत्रिणींना दाखवून हसले.

शेवटचा पेपर झाला आणि गावी गेले. दिवेलागण झालेली. चुलीपुढं अण्णा बसले होते, काठवटीत पीठ मळत. दोन बोटांना पोळल्याचे डाग. आई आत बाजेवर पडलेली. तिचं पिशवीचं ऑपरेशन होऊन महिना होत आला होता. वाकायचं नाही, काही उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. ‘पोरीच्या कानावर घालू नका, परीक्षा हाय’, असं दोघांनी मिळून गावातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझ्याबरोबर शिकणाऱ्या गावातल्या पोरांनासुद्धा.

मला काही सुचेना. आई म्हणाली, ‘चिठ्ठी आली त्या दिवसापासनं तीनला उठत्यात. पैल्या चार भाकऱ्या मोडत्यात, मग तुझ्या डब्याच्या दोन नीट होत्यात.’

‘आणि मोडलेल्या?’

‘त्या आम्ही खातो की.’

अण्णा तव्यावरची भाकरी उलटत म्हणाले, ‘आत्ता कुठं जमायला लागली हुती. तवर तुझी परीक्षा संपली.’

ज्यांनी कधी भाकरी केली नाही, त्यांना यात काय अवघड ते कळणार नाही. गव्हाच्या पिठात चिकटपणा असतो, ज्वारीच्या पिठात ग्लूटेन नसतं. म्हणून ते कढत पाण्यात मळावं लागतं, तळहाताच्या टाचेनं रगडावं लागतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, थापता थापता भाकरी चिरते. तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवायचं ते नेमक्या वेळी. उशीर झाला की तडे. मग ती निखाऱ्यापुढं उभी करून फुगवायची, हातानंच. हे सगळं सदतिसाव्या वर्षी, पहाटेच्या अंधारात एक माणूस शिकत होता. तोही असा, की ज्यानं तोवर स्वतःचं ताटसुद्धा वाढून घेतलं नव्हतं.

अण्णांचं लहानपण बहात्तरच्या दुष्काळातलं. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन ती पिढी जगली. ‘अन्नाला नाव ठेवू नये’ हे ते म्हणायचे तेव्हा मला ते पाठ केलेलं सुभाषित वाटायचं. त्यांच्यासाठी ते सुभाषित नव्हतं. तरीही माझ्या चिठ्ठीवर ते एक शब्द बोलले नाहीत. उत्तर म्हणून फक्त तासभर लवकर उठले.

तुम्ही म्हणाल, झालं, आता ही आई-वडिलांच्या त्यागावर लेक्चर देणार. नाही देणार. मला वेगळंच काहीतरी खुपतं.

दोन वर्षं डबा आला. सुट्ट्या वगळून चारेकशे डबे तरी झाले असतील. मी चिठ्ठ्या किती लिहिल्या? ‘पैसे पाठव’, ‘चटणी तिखट झाली’, ‘जर्नल विसरलंय ते दे’ आणि ही भाकरीची. भाकरी चांगली होती तेव्हा, म्हणजे जवळजवळ रोज, मी एक ओळ लिहिली नाही. रोज मिळणारं दिसत नाही. ते बिघडलं की दिसतं.

आज आपण ॲपवरून मागवलेल्या बिर्याणीला न चुकता स्टार देतो, दोन ओळी लिहितो, फोटो टाकतो. कॅफेतल्या कॉफीची स्टोरी होते. घरातल्या वरणभाताला मात्र एकच रिव्ह्यू, ‘आज पण हेच?’ आणि मग रात्री छताकडं बघत विचार करत बसतो, माझ्या जगण्याला अर्थ काय, माझं पॅशन काय, पर्पज काय! प्रश्न खोटा नाही. या वयात तो पडायलाच हवा. पण उत्तर दरवेळी दूर डोंगरावर, नव्या शहरात, मोठ्या पॅकेजमध्येच असेल असं आपण का धरून चालतो? अण्णांना त्या महिन्यात कुणी विचारलं असतं की तुमच्या जगण्याचा अर्थ काय, तर ते म्हणाले असते, ‘साडेसहाची गाडी चुकली नाही पायजे.’

आणखी एक. माझ्या भाकरीचं दुखणं चार दिवसांत माझ्या लक्षात आलं, आईचं दुखणं महिनाभर नाही आलं. कारण भाकरी करणारं माणूस आजारी पडू शकतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि ती एकटीच भाकरी का करते, हा प्रश्नही नव्हता. घरातल्या बाकी कुणाला दोन भाकऱ्या थापता येत असत्या, तर आई पडली म्हणून घर असं अडलं नसतं. तेव्हा मुलांनो, हे वाचून ‘आई ग्रेट असते’ असं स्टेटस ठेवण्यापेक्षा या सुट्टीत कुकर लावायला शिका. मुलींनो, तुम्हीही. भाकरी जमली तर उत्तमच. पहिल्या चार मोडतील. मोडू द्या, आपणच खायच्या.

आमच्याकडं आजी एक सांगायची. शेजारणीकडून भांडं आलं तर ते रिकामं परत करायचं नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं पाठवायचं नाही. शेजारचं भांडं आम्ही कधीच रिकामं पाठवलं नाही. आईचा डबा मात्र दोन वर्षं रिकामा जात राहिला. गेला तेव्हा तक्रार घेऊन गेला.

अण्णा आता पासष्टीचे आहेत. रविवारी भाकरी तेच करतात. जाडच होते अजून. मी जेवते आणि सांगते, ‘अण्णा, आजची चांगली झालीय.’ ते म्हणतात, ‘चिठ्ठीत लिहून दे.’

आज फोन येईलच. जेवलीस का, जेवलास का, असं कुणीतरी विचारेल. ‘हो’ म्हणून ठेवून देऊ नका. म्हणा, ‘जेवले. तू जेवलीस का? काय केलं होतं? कुणी केलं?’

एवढी चिमूटभर साखर तर आपल्या सगळ्यांकडं असते.