अमेरिकेतील यादवी युद्ध आणि खान्देशचा कापूस : भाव वाढला, पण कुणाच्या जिवावर?

परदेशातील वायदे बाजारात कापूस घसरला की दुसऱ्या दिवशी जळगाव-धुळ्याच्या जिनिंगवर भाव हलतो. शेतकऱ्याला हे आता मोबाइलवर लगेच कळते. पण खान्देशचा कापूस जगाच्या बाजाराला आज जोडला गेलेला नाही. १६० वर्षांपूर्वी अमेरिकेत एक युद्ध पेटले आणि त्याची झळ, तसाच त्याचा फायदाही, इथल्या काळ्या जमिनीपर्यंत पोहोचला. ते युद्ध गुलामगिरीवरून झाले होते. त्यामुळे त्याचा हिशेब नीट मांडायला हवा.

युद्ध नेमके कशावरून झाले?

हे युद्ध गुलामगिरीसाठी नव्हे, राज्यांच्या हक्कांसाठी आणि करांसाठी होते, असा दावा करणारे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. तो दावा टिकत नाही.

१८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलाम होती. मिसिसिपी आणि साउथ कॅरोलायना या राज्यांत तर निम्म्याहून अधिक लोकसंख्या गुलामांची होती. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू द्यायची नाही, अशी भूमिका घेणारे अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये निवडून आले. २० डिसेंबरला साउथ कॅरोलायना देशातून फुटले. पाठोपाठ आणखी राज्ये फुटली आणि हा आकडा ११ वर गेला.

फुटणाऱ्यांनी कारण लपवलेही नव्हते. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात गुलामगिरीचा स्पष्ट उल्लेख आहे. फुटीर सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये भर सभेत सांगितले, की आपल्या सरकारचा पायाच काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही या विचारावर उभा आहे.

राज्यांच्या हक्कांचे म्हणाल, तर पळून गेलेला गुलाम पकडून परत देण्याची सक्ती करणारा १८५० चा केंद्राचा कायदा दक्षिणेलाच हवा होता. तो उत्तरेकडील राज्यांवर लादताना त्या राज्यांचे हक्क कुणाला आठवले नाहीत.

लिंकन यांनी सुरुवातीला देश एकसंध ठेवणे हेच उद्दिष्ट सांगितले होते, हेही खरे. पण १ जानेवारी १८६३ रोजी बंडखोर भागातील गुलामांना मुक्त केल्याची घोषणा झाली. पुढे सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेकडून लढले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सैन्याने शरणागती पत्करली. डिसेंबरमध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली. तोवर सहा लाखांहून अधिक सैनिकांचा बळी गेला होता.

मग खान्देशचा संबंध काय?

युद्धाआधी ब्रिटनच्या गिरण्यांत लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून, म्हणजे गुलामांच्या कष्टातून येत असे. युद्ध सुरू होताच उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या आणि लाखो कामगार बेकार झाले. ब्रिटनच्या व्यापाऱ्यांची नजर भारताकडे वळली. १८६२ मध्ये ब्रिटनच्या कमी झालेल्या आयातीत भारतीय कापसाचा वाटा सुमारे तीन चतुर्थांशावर गेला.

तेव्हा जळगाव आणि धुळे वेगळे जिल्हे नव्हते. एकच खान्देश जिल्हा होता आणि त्याचा कारभार धुळ्यातून चाले. याच दशकात जीआयपी रेल्वेचे रूळ खान्देशात आले. मुंबईचा मार्ग अडवणारा कसाऱ्याचा थळ घाट मात्र रेल्वेसाठी १ जानेवारी १८६५ रोजी खुला झाला. युद्ध संपायला तेव्हा जेमतेम तीन महिने उरले होते.

लिव्हरपूलच्या बाजारात भाव चौपटीच्या घरात गेले. मुंबई इलाख्यात पैशाचा पूर आला. शेतकऱ्यांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचे किस्से त्या काळी लिहिले गेले. दुसरीकडे कापूस ओला करून, त्यात माती-सरकी मिसळून वजन वाढवण्याचे प्रकार इतके झाले, की १८६३ मध्ये सरकारला कापसातील भेसळीविरुद्ध कायदा करावा लागला.

पैसा टिकला का?

नाही. अमेरिकेतील शरणागतीची बातमी येताच भाव कोसळले. १ जुलै १८६५ ला मुंबईचा शेअर बाजार आपटला. प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे बडे सटोडियेही त्यात बुडाले.

मुंबईतील तोट्याची चर्चा झाली, पण गावातील तोटा जास्त काळ टिकला. तेजीत सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. मंदीत त्यांनी हात आखडला. सरकारचा शेतसारा मात्र रोखीतच भरायचा होता. भाव उतरला तसे कर्ज उतरले नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यामागच्या कारणांत कापसाच्या तेजी-मंदीचाही समावेश होता.

मुक्त झाले, तरी मोकळे झाले का?

या इतिहासातून आपण घ्यायचा मुद्दा इथे आहे. अमेरिकेत बेडी तुटली, पण जमीन मिळाली नाही. मुक्त झालेली अनेक कुटुंबे त्याच मालकांच्या शेतात वाट्याने राबू लागली. बियाणे उधार, धान्य उधार आणि हंगामाअखेर पुन्हा कर्ज, हे चक्र पुढे कित्येक दशके चालले.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. तिकडच्या लढ्यात त्यांना इकडच्या शूद्रातिशूद्रांचा प्रश्न दिसत होता.

खान्देशात या प्रश्नाची खूण शंभर वर्षांनीही होती. आखाजीला साल ठरायचे, उचल घेतली जायची आणि सालदार वर्षभर बांधला जायचा. तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्यात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेने आदिवासी सालदार-मजुरांना उभे केले. गेलेल्या जमिनी परत मिळाव्यात आणि मजुरी वाढावी, या त्यांच्या मागण्या होत्या. १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात आला.

त्या कायद्यात साखळी किंवा चाबूक असण्याची अट नाही. उचलीच्या बदल्यात मजुराला दुसरीकडे काम करण्याची मोकळीक उरली नाही किंवा किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबावे लागले, तर ती वेठबिगारी ठरू शकते. असे कर्ज कायद्याने रद्द होते आणि कारवाईची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर येते. खान्देशातून ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या टोळ्या आजही उचल घेऊनच निघतात. प्रत्येक उचल म्हणजे गुलामगिरी नाही. पण ती फिटली की नाही हे फक्त मुकादमाच्या वहीवरून ठरत असेल, तर प्रश्न विचारायलाच हवा. उचलीचा आणि मजुरीचा लेखी हिशेब मजुराच्या हातात असावा, ही मागणी अवाजवी नाही.

कापसाला भाव मिळायलाच हवा. पण १८६२ च्या डिसेंबरमध्ये मँचेस्टरच्या कामगारांनी सभा घेऊन लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र धाडले, तेव्हा दक्षिणेचा कापूस न आल्याने त्यांच्याच शहरातील चुली विझत होत्या. आपला माल आणि आपली मजुरी यांच्या साखळीत दुसऱ्या टोकाला कोण उभे आहे, हे त्यांनी विचारले. खान्देशात हा प्रश्न विचारायला समुद्र ओलांडावा लागत नाही. आखाजीला गावातच तो विचारता येतो.