फायदा काय?

मी सदरात राहतो. वर्तमानपत्राच्या नव्हे, नागपूरच्या. इथे कशाचंही कौतुक करा, समोरून एकच प्रश्न येतो – "पण यानं फायदा काय होऊन राहिला?"

२०२४ च्या ऑक्टोबरात ल्यूक ड्युरंट नावाच्या अमेरिकन गृहस्थाने तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली. म्हणजे १ आणि ती स्वतः, यांखेरीज कोणालाही भागाकारात दाद न देणारी! २ चा १३,६२,७९,८४१ वा घात करायचा आणि त्यातून १ वजा करायचा. अंक भरतात ४,१०,२४,३२०. सेकंदाला एक या वेगाने, झोप नि जेवण सोडून वाचत बसलात तर ४७५ दिवस! शेजारच्या काकाजींना मी हे उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "सारं ठीक आहे भाऊ, पण यानं फायदा..."

माझं भांडण काकाजींशी नाही, या प्रश्नाशी आहे.

अहो, ही अवाढव्य बाई संगणकाच्या शून्य-एकच्या लिपीत लिहिली की नुसती एकांची रांग उरते. १३,६२,७९,८४१ एक, शून्य औषधालाही नाही! अशा रांगेतल्या एकांचे सारखे गट पडले, की संख्येचेही तुकडे पडतात. आपल्या नेहमीच्या आकड्यांतही तेच. ११११ मध्ये दोन-दोनांचे गट पडतात, म्हणून तिला ११ ने भाग जातो. तेव्हा रांगेची लांबीसुद्धा मूळ संख्याच हवी. बरं, तेवढ्यानेही भागत नाही. १११ ची लांबी ३, पण ती निघाली ३ गुणिले ३७!

एकांच्या अशा रांगांत देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर रमले. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. डोंगर चढून उतरणाऱ्या या संख्यांना त्यांनी 'डेम्लो' म्हटलं. इथल्या पंडितांनी नाकं मुरडली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला मास्तर कळले. तोवर त्यांना निवृत्त होऊन १३ वर्षं झाली होती. फायदा विचारून हे काम त्यांनी केलं असतं काय?

आणि फायदाच हवा असेल तर ऐका. संख्यासिद्धांत कोणत्याही लढाईच्या कामी आलेला नाही, असं हार्डी या इंग्रज गणितज्ञाने १९४० मध्ये मोठ्या अभिमानाने लिहिलं. १९७७ साली तिघा पठ्ठ्यांनी त्यातूनच गुप्तलिपी काढली. दोन मोठ्या मूळ संख्या गुणणं सोपं, पण गुणाकारावरून त्या ओळखणं महाकठीण. एवढ्याशा गोष्टीवर गुप्त संदेशांना कुलूप बसलं.

मात्र त्या कुलपांना काहीशे अंक पुरतात. चार कोटी अंकांची आमची बाई त्याही कामाची नाही. नसेना! पाव्हणा आला की आपण त्याला शून्य मैलाचा दगड दाखवायला नेतो. तिथले चार घोडे अजून एक पाऊल चाललेले नाहीत, तरी त्यांचा फायदा कोणी विचारत नाही. शून्याचं एवढं कौतुक करणाऱ्या गावाला एकांची रांग का जड व्हावी?