गाळांतील वस्तु कोणाची ?

बारामती व इंदापूर हे तालुके समुद्रापासून दूर. भरती व ओहोटी हे शब्द आमच्या मुलांस बहुधा भूगोलाच्या पुस्तकांतच भेटतात. तथापि एका अर्थानें ओहोटी आमच्या दारींही येते. फरक इतकाच कीं, ती दिवसांतून दोनदां न येतां वर्षांतून एकदां येते. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि त्याच्या फुगवट्याखालीं नदीकांठचीं कित्येक जुनीं गांवें गेलीं. पावसाळ्यांत भरलेला हा जलाशय उन्हाळ्यांत मागें हटूं लागला म्हणजे दूरवर गाळ उघडा पडतो. शेतकरी तेथें गाळपेर करितात, गुरें चरतात. आणि पाणी फारच खालीं गेलें म्हणजे पळसदेवचें प्राचीन शिवालय पाण्याबाहेर डोकें काढतें. मग पाहणारांची गर्दी लोटते. त्या गर्दींत मुलेंही असतात, आणि मुलांचे हात स्वस्थ बसत नाहींत. कोणास खापर सांपडतें, कोणास एखादा मणि, कोणास गंजलेलें नाणें. तें खिशांत जातें. त्या खिशाविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

गाळ धुंडाळण्याची वृत्ति मुळांतच वाईट आहे, असें मी म्हणणार नाहीं. सोनाराच्या दुकानांतील राख व धूळ धुऊन तींतून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आमच्या देशांत पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. टेम्स नदीच्या ओहोटींत चिखल तुडवीत कोळसा, दोर व खिळे वेंचणारीं मुलें एकोणिसाव्या शतकांत लंडन शहरांत होतीं. त्यांस पोटासाठीं चिखलांत उतरावें लागे. त्यांस दोष कोण देईल? आज तोच चिखल लोक हौसेनें धुंडाळतात. परंतु तेथील बंदराच्या अधिकाऱ्यांचा परवाना घेतल्यावांचून कोणासही तसें करितां येत नाहीं, आणि ३०० वर्षांहून जुनी वस्तु मिळाल्यास ती तज्ज्ञांस दाखवून तिची नोंद करवावी लागते. म्हणजे शोध घेण्यास मनाई नाहीं. घेतलेल्या शोधाचा हिशेब मात्र द्यावा लागतो.

हा हिशेब कशासाठीं, असें विद्यार्थी विचारतील. त्याचें उत्तर आपल्याच जिल्ह्यांत आहे. शिरूर तालुक्यांत भीमेस मिळणाऱ्या घोड नदीच्या कांठीं इनामगांव आहे. तेथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतील संशोधकांनीं १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलें आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडांत आणिली. त्या घरांच्या जमिनीखालीं दोन दोन मडकीं तोंडास तोंड लावून आडवीं ठेविलेलीं आढळलीं. त्यांत लहान मुलांचीं हाडें होतीं. आतां विचार करा. त्यांतील एखादें मडकें पुराच्या पाण्यानें उघडें पडलें असतें आणि कोणा मुलानें तें उचलून घरीं नेलें असतें, तर त्याच्या हातीं काय लागलें असतें ? एक मडकें, तसलीं मडकीं कोणत्याही कुंभाराकडे मिळतात. परंतु घराच्या जमिनीखालीं, दुसऱ्या मडक्याशीं तोंड मिळवून निजलेलें तें मडकें कांहीं निराळेंच सांगतें. आपलें गेलेलें मूल घराबाहेर दूर न नेतां आपल्या चुलीजवळ ठेवणाऱ्या आईबापांचें तें दुःख आहे. तें दुःख आपणांस कळलें, तें मडक्यावरून नव्हे, मडक्याच्या जागेवरून.

बारामती तालुक्यांतील मोरगांव सर्वांस मयूरेश्वरामुळें ठाऊक आहे. त्याच मोरगांवीं कऱ्हेच्या कांठीं अश्मयुगांतील माणसांचीं दगडी हत्यारें व ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. ती राख सुमात्रा बेटावरील टोबा येथील सुमारें ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची, कीं त्याहून लाखो वर्षें जुनी, यावर पंडितांत वाद झाला. या वादाचा निकाल कशावर लागावयाचा ? कोणता दगड कोणत्या थरांत पडला होता यावर. थरांतून काढून कपाटांत ठेविलेल्या हत्याराची साक्ष तेथेंच संपते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो पोकळ नाहीं. “आम्ही उचललें नाहीं तर वाळूचा ट्रक उचलील, किंवा पुढच्या पावसांत तें वाहून जाईल,” असें मुलें म्हणतील. वाळूच्या उपशानें नदीच्या तळाचे थर उलथून जातात, हें खरें. पण त्यावरून खबर त्वरित द्यावी इतकेंच सिद्ध होतें; वस्तु खिशांत घालावी हें सिद्ध होत नाहीं. आज घरोघरीं फोन आहे. वस्तु आहे तेथेंच ठेवून तिचें छायाचित्र घ्यावें, जागेची खूण व तारीख लिहावी, आणि शिक्षकांस किंवा तहसीलदार कचेरींत कळवावें. वस्तु खरोखरच नष्ट होणार असेल तर वडील माणसांसमक्ष ती उचलून, जागेच्या टिपणासह अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करावी. कायदाही हेंच सांगतो. भूमींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची ठेव सांपडल्यास कलेक्टरास कळविलें पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. आणि शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंच्या रक्षणासाठीं १९७२ चा कायदा आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही विसरतों. गाळांतील सर्वच वस्तु प्राचीन नसतात. एखादें जातें, एखादा उंबरठ्याचा दगड, हे कोणाच्या तरी आजीचे असतात. ज्यांनीं आपलीं घरें पाण्यास दिलीं, त्यांपैकीं कांहीं आजोबा-आजी अद्याप आपल्यांत आहेत. त्यांच्या ओसरीवरून उचललेल्या वस्तूस ‘सांपडलेली’ म्हणणें हें भाषेलाही शोभत नाहीं. त्या वस्तूंविषयीं पुस्तकांत कांहीं लिहिलेलें नाहीं; तें त्या माणसांसच विचारावें लागेल, आणि विचारण्यास फार वर्षें उरलेलीं नाहींत.

शुभवर्तमानांत शेतांत लपविलेल्या ठेवीचा दृष्टांत आहे. ज्या मनुष्यास ती ठेव सांपडली, तो ती काखेंत मारून पळाला नाहीं. आपलें सर्वस्व विकून त्यानें तें शेत विकत घेतलें. त्या दृष्टांताचा मुख्य अर्थ स्वर्गाच्या राज्यासंबंधीं आहे, हें मी जाणतों. पण ठेव व शेत हीं वेगळीं करितां येत नाहींत, एवढा धडा आमच्या भीमाकांठच्या मुलांनीं त्यांतून घेतल्यास अर्थाचा अनर्थ होणार नाहीं.

म्हणून पालकांस विनंती आहे कीं, मुलानें गाळांतून कांहीं आणिलें तर “किती रुपयांचें असेल ?” हा पहिला प्रश्न करूं नये, “कोठें होतें, आणि तेथें आणखी काय होतें?” हा करावा. शाळेंत अशा नोंदींची एक वही ठेवितां येईल. पुढच्या उन्हाळ्यांत पाणी उतरेल तेव्हां आमच्या मुलांनीं मोकळ्या खिशानें परत यावें, आणि त्या वहीचीं पानें भरावींत, अशी माझी इच्छा आहे.